नाखवा सरांची रविवारची चाचणी

नाखवा सर गेल्याचा निरोप मला चहाच्या सुट्टीत मिळाला. प्रयोगशाळेत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेदहाला लॉकर उघडलं तर त्यांच्या मुलाचे, रोहनचे, चार मिस्ड कॉल होते. एखादा असता तर वेगळं. चार म्हटल्यावर काय ते समजलं. मी फोन लावला. "मॅडम, पप्पा गेले पहाटे," तो म्हणाला. "हॉस्पिटलमधून आता मोऱ्याला नेतोय. तुमी पोचाल का दुपारपर्यंत?" मी हो म्हटलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघण्याआधी यंत्रावर चालू असलेली चाचणी पूर्ण केली. ती मध्येच सोडता येत नाही, आणि सोडली असती तर सरांना ते आवडलं नसतं. थोडीच मिनिटं उरली होती. तेवढ्या वेळात मला रडू आलं नाही, नमुने नीट काढले गेले. महाप्याहून उरण, उरणहून रिक्षाने मोरा... पोचले तेव्हा दीड वाजला होता आणि घरासमोर माणसं उभी होती.

त्याला आता सात आठवडे झाले. हरेश्वर नाखवा हे नाव वाचकांपैकी कुणाच्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. औषधाच्या पाकिटावर गोळी बनवणाऱ्या कामगाराचं नाव येत नाही, आणि ती तपासणाऱ्याचं तर नाहीच नाही. सरांनी आमच्या कंपनीत तीसेक वर्षं मुख्यतः एकच काम केलं. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते ते बघायचं. ऐकायला हे फार साधं वाटतं. माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "त्याला एमएस्सी कशाला लागते गं?" पण गोळी गिळली म्हणजे औषध पोचलं, असं नसतं. आधी ती फुटावी लागते, मग तिच्यातलं औषध पोटातल्या पाण्यात विरघळावं लागतं, आणि विरघळलेलंच औषध आतड्यातून रक्तात शिरतं. फार भरभर विरघळलं तर एकदम चढतं, फार हळू विरघळलं तर बरंचसं तसंच पुढे निघून जातं. म्हणून प्रत्येक बॅचमधल्या सहा गोळ्या घेऊन सहा काचेच्या भांड्यांत टाकतात. भांड्यांचा तळ गोल, पाणी अंगाइतकं कोमट, आणि वरून एक पातं संथ फिरत असतं, पोटाच्या हालचालीसारखं. ठरलेल्या मिनिटाला थोडं पाणी काढायचं आणि त्यात किती औषध उतरलंय ते मोजायचं. आकड्याखाली दोन सह्या, एक चाचणी करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. माझ्या नोकरीच्या पहिल्या आठ वर्षांत पहिली सही माझी असायची आणि दुसरी सरांची.

मी मूळची कराडकडची. लग्न होऊन कोपरखैरण्याला आले आणि तीन महिन्यांत ही नोकरी लागली. पहिल्या दिवशी सरांनी मला यंत्राला हात लावू दिला नाही. खिशातून कागदाच्या दोन पुड्या काढून त्या टेबलावर उघडल्या. एकीत दळलेलं बारीक मीठ, दुसरीत मिठागरावरचं जाडं मीठ. "कुठलं लवकर विरघळेल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बारीक. पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त असतो." "पुस्तक बरोबर हाय," सर म्हणाले. मोऱ्याचा 'हाय' त्यांच्या बोलण्यात असा मध्येच डोकावायचा. "आता सांग, मासळी खारवायला कुठलं घेशील?" मी आयुष्यात मासळी खारवली नव्हती. बारीकच, लवकर मुरेल, असं मी ठोकून दिलं. "मग माझी आई तुला घरात उभी करणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी समजावलं. बारीक मीठ मासळीवर एकदम विरघळतं, वरच्या वर पाणी ओढून घेतं, वरचं मांस घट्ट होऊन बसतं आणि मग मीठ आत जातच नाही. बाहेरून खारट, आतून कच्ची, आणि थोड्या दिवसांत वास मारते. जाड्या मिठाचा खडा सावकाश विरघळतो आणि सावकाश आत जातो. "विरघळणं वेगळं आणि मुरणं वेगळं," ते म्हणाले. "आपण इथे फक्त विरघळणं मोजतो. मुरणं आपल्याला दिसत नाही, ते पेशंटला दिसतं. एवढं लक्षात ठेव आणि मग यंत्राला हात लाव."

सर तसे बोलके नव्हते. वडिलांची होडी होती, गल्लीतले पहिले पदवीधर हे, आणि उरणहून दोन बस बदलून ते सगळ्यांच्या आधी कामावर हजर असायचे. चौकड्यांचे चार शर्ट त्यांनी आलटून पालटून वापरले. डबा मात्र ते कॅन्टीनमध्ये खात नसत. सुरुवातीच्या काळात कुणीतरी त्यांच्या डब्यातल्या बोंबलाच्या वासावरून तक्रार केली होती, अगदी लेखी. सरांनी त्यावर काही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात बसायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं, त्यांना एकट्याने जेवायला आवडतं.

ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला घेतलं, तो माझ्या आठव्या वर्षातला. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांच्याकडे फिट्सचे दोन पेशंट होते. दोघांचाही आजार बरेच महिने आटोक्यात होता आणि अचानक दोघांनाही पुन्हा फिट आल्या. त्यातली बाई त्या वेळी चुलीपाशी होती, तिचा हात भाजला. गोळी दोघांनीही चुकवली नव्हती, आणि दोघांकडची पाकिटं आमच्या एकाच बॅचची होती. बॅचचा नंबर वाचून मी फाइल काढली. चाचणी करणारी मी, तपासणारे सर, निकाल पास.

प्रत्येक बॅचच्या काही गोळ्या आम्ही जपून ठेवतो, त्यातल्या सहा काढून पुन्हा चाचणी केली. पास. दुसऱ्या मुलीकडून करवून घेतली, तरी पास. आमचे क्वालिटीचे साहेब म्हणाले, "पेशंटनेच डोस चुकवला असणार, मग कशाला कबूल करतील? क्लोज करा." मला तर हायसं वाटलं. सीनियर अ‍ॅनालिस्टच्या बढतीचं माझं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. सरांनी मात्र तक्रारीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हात भाजून घेतलेली बाई खोटं कशाला बोलेल?" आणि तो कागद त्यांनी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला, सही न करता.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी, दुपारी, भांडी धुवायची म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं. पाती थांबली. सर तिथेच उभे राहिले, वाकून पाण्याकडे बघत. मला वाटलं काही पडलंय आत. "वैशाली, इकडे ये," ते म्हणाले. "पाणी बघ." मी बघितलं. पाती बंद होती, पंखा बंद होता, आणि तरी भांड्यातल्या पाण्यावर अगदी बारीक वलयं उठत होती. धप्प... आणि वलय. धप्प... आणि वलय. शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीच्या पायासाठी जमिनीत खांब ठोकायचं काम चालू होतं. चार महिने ते चालू होतं. पहिल्या आठवड्यात आम्ही त्या आवाजाने वैतागलो होतो, मग तो ऐकू येईनासा झाला होता. यंत्राला हादरे बसतात का याची तपासणी वर्षातून एकदा होते, आणि त्या वर्षीची खांब ठोकायच्या आधीच होऊन गेली होती. पाणी असं थरथरत राहिलं की गोळीभोवतीचा पाण्याचा थर हलत राहतो, ती कुणी ढवळल्यासारखी लवकर विरघळते. म्हणजे आमच्या भांड्यात जी गोळी पास होत होती, ती पेशंटच्या पोटात होईलच असं नव्हतं. तिथे शेजारी कुणी खांब ठोकत नाही. त्या चार महिन्यांत आणखी तीन माणसं त्या यंत्रावर काम करून गेली होती, मी रोज करत होते, आणि कुणालाच ते दिसलं नाही. सरांना मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं दिसलं. ते म्हणाले, "लहानपणापासून पाण्याकडे बघतोय मी, दुसरं काय केलंय?"

"रविवारी शेजारी सुट्टी असते," ते त्या दिवशी म्हणाले. "येशील?" मी गेले. सकाळी दहा वाजता आम्ही दोघं आणि गेटवरचा वॉचमन, एवढीच माणसं इमारतीत होती. इतकी शांतता होती की फ्रिजची घरघर ऐकू येत होती. त्याच बॅचच्या सहा गोळ्या टाकल्या. रोज मी बघायचे तेव्हा गोळी फुटून तिचा चुरा तळाशी पसरायचा. त्या दिवशी स्थिर पाण्यात त्या सहाही गोळ्या कितीतरी वेळ जवळजवळ अखंड राहिल्या, अंगावर हवेचे बारीक बुडबुडे घेऊन, जशा काही भिजायलाच तयार नव्हत्या. अर्ध्या तासाने नमुने काढले. जितकं औषध उतरायला हवं होतं त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त उतरलं होतं. मी आकडेमोड दोनदा केली. सरांनी एकदा केली. मग आणखी सहा गोळ्या टाकल्या. तेच.

आता जे सांगायचंय ते मी आजवर फक्त माझ्या नवऱ्याला सांगितलं आहे. भांडी आवरताना मी सरांना म्हटलं, "सर, हे लिहायलाच हवं का? तक्रार तशीही क्लोज होतेय. शेजारचं काम महिन्याभरात संपेल, मग सगळं आपोआप नीट होईल." सर पाती पुसत होते. पुसतच राहिले. मी म्हटलं, "त्या बॅचवर माझी सही आहे." "माझीपण आहे," ते म्हणाले. मग पाती जागेवर ठेवून त्यांनी विचारलं, "त्या बॅचची पाकिटं दुकानांत अजून किती असतील?" मी म्हटलं, मला काय माहीत. "मलापण नाय माहीत," ते म्हणाले. "म्हणून लिहायचं." मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, "मग निदान आजच्या कागदावर माझं नाव नका टाकू. तुम्ही एकट्याने केली म्हणून लिहा." त्यावर ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "नमुने तू काढलेस. तुझं नाव गाळलं तर हा कागदसुद्धा खोटा होईल, वैशाली." आणि त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आपल्या सरळ, सुट्या अक्षरात.

सोमवारी खांब ठोकायला सुरुवात झाल्यावर त्यांनी तीच चाचणी साहेबांसमोर केली. पास. मग रविवारचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. साहेब आधी हसले, मग भडकले. "तुम्हाला कळतंय का काय म्हणताय? असं असेल तर चार महिन्यांतल्या सगळ्या बॅच उघडाव्या लागतील!" सर म्हणाले, "हो." एवढंच. आणि खरोखरच सगळ्या उघडाव्या लागल्या. पुढचे कितीतरी रविवार आम्ही कामावर होतो. बाकी सगळ्या नीट निघाल्या, ती बॅच आणि तिच्या लगेच आधीची बॅच तेवढ्या नापास झाल्या. दोन्ही दुकानांतून परत मागवल्या.

कारणही सापडलं. गोळ्या दाबताना साच्याला चिकटू नयेत म्हणून मिश्रणात शेवटी एक गुळगुळीत भुकटी घालतात आणि ती थोडाच वेळ फिरवायची असते. त्या दोन दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिक्सर बंद करायचा राहून गेला होता. भुकटी प्रत्येक कणावर चढून बसली. हाताला खोबरेल चोपडून नळाखाली धरला तर पाणी कसं ओघळून जातं, तसं पाणी त्या गोळीवरून जात होतं. औषध गोळीत पुरेपूर होतं, पण पाण्याला आत शिरता येत नव्हतं. मिक्सरवरच्या कामगाराला काढून टाकायचं घाटत होतं. सरांनी अहवालात लिहिलं की यंत्राला आपोआप बंद व्हायची सोय नाही हा दोष माणसाचा नाही, आणि तशी सोय पुढे बसवली गेली. डॉक्टरांचं पुन्हा पत्र आलं, तीन ओळींचं. नवीन बॅच दिल्यापासून दोन्ही पेशंटना फिट आलेली नाही. बाईची जखम भरली आहे, दोन बोटं मात्र पूर्ण मिटत नाहीत.

सरांना साहेबांनी रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. कारण काय, तर जुन्या फाइली लावायला अनुभवी माणूस हवा. मला मेमो मिळाला आणि बढती वर्षभर पुढे गेली. मी सरांशी बोलणं सोडलं. जिन्यात भेटले तर मान खाली घालून जायचे. जवळजवळ चार महिने. मग एकदा मला एक जुनी फाइल लागली आणि रेकॉर्ड रूममध्ये जाण्यावाचून इलाज नव्हता. सरांनी फाइल काढून दिली, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि विचारलं, "जेवलीस?" मी नाही म्हटलं. ते डबा घेऊन जिन्याकडे निघाले, मी मागोमाग. त्या दिवशी मी पहिल्यांदा सुका बोंबील खाल्ला. माफीबिफी कुणी मागितली नाही. मागायला हवी होती ती मी... पण सरांनी बोंबलात चिंच घालावी की कोकम यावर बोलायला सुरुवात केली आणि ते राहून गेलं.

दोन वर्षांनी साहेब बदलले आणि सर प्रयोगशाळेत परत आले, त्याच हुद्द्यावर. निवृत्तीला वर्ष उरलं असताना मला दिसलं की पिपेट भरताना त्यांचा उजवा अंगठा हलतो. महिन्याभराने त्यांनीच साहेबांना लिहून दिलं की यापुढे नमुने काढायचं काम आपल्याला देऊ नये, आपला हात भरवशाचा राहिलेला नाही. डॉक्टरांनी निदान केलं ते कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्स. निवृत्तीनंतर हालचाल मंदावत गेली. गोळी घेतली की काही वेळाने हातपाय सुटायचे, ती उतरली की पुन्हा आखडायचे. खुर्चीतून उठायचं तर गोळी लागायची वाट बघावी लागे. मी महिन्यातून एकदा मोऱ्याला जायचे. सर उठून दारापर्यंत आले तर समजायचं, गोळी लागलेली आहे.

घरात दिनदर्शिका होती, तिच्या चौकटींत त्यांनी वेळा लिहायला सुरुवात केली. गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता सुटला. दोन महिन्यांनी त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "बघ, तुला काय दिसतं." मला लगेच दिसलं नाही. "सोमवार बघ," ते म्हणाले. त्यांच्याकडे सोमवारी मासळी शिजत नाही. सोमवारी दुपारची गोळी अर्ध्यापाऊण तासात लागत होती, इतर दिवशी दीडदोन तास, कधी लागतच नव्हती. डॉक्टरांना त्यांनी ते नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे. हे औषध आतड्यातून ज्या वाटेने रक्तात जातं, त्याच वाटेने मासळीतलं, मटणातलं, डाळीतलं प्रथिनही जातं. दोन्ही एकदम आली की औषध मागे राहतं. गोळी जेवणाच्या बरीच आधी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मासळी रात्रीवर ढकलायची.

त्यांच्या बायकोला, हिरावहिनींना, हे अजिबात पटलं नाही. वहिनी करंजा-मोऱ्याच्या बाजारात पंचवीस वर्षं मासळी विकलेली बाई. "माझ्या हातच्या म्हावऱ्यानं यांचा रोग वाढला म्हनं!" त्या माझ्यासमोरच कडाडल्या. "जनम गेला म्हावरा खाऊन, तवा काय झाला नाय, नि आता म्हनं दुपारचा नको. सांग बाय, कोली मानूस दुपारचा काय खाईल? भोपला?" सर हसत होते, म्हणजे हसायचा प्रयत्न करत होते. त्या आजारात चेहऱ्यावर हसू नीट उमटत नाही. "हिरा," ते म्हणाले, "आठ दिवस करून बघू. नाय लागली तर परत सुरू." हे मला ओळखीचं होतं. सर कुणाला पटवून देत नसत. पुन्हा चाचणी घेऊ, एवढंच म्हणत.

आठव्या दिवशी ते दुपारी स्वतः उठून जेट्टीपर्यंत चालत जाऊन आले. वहिनींनी मला फोन करून सांगितलं. त्यानंतर त्या घरात दुपारी मासळी शिजली नाही. त्यांनी स्वतःही खाल्ली नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही तरी खा की. म्हणाल्या, "वास यांना कलतो ना." गोळीनंतर सर थोडा वेळ उजव्या कुशीवर पडत. जठराचं पुढचं तोंड त्या बाजूला असतं, गोळी लवकर पुढे सरकते, असं त्यांचं म्हणणं. वहिनी घड्याळाकडे बघून भात टाकत. अशी पाचसहा वर्षं त्यांनी बरी काढली.

या वर्षी गिळायला त्रास व्हायला लागला. छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला आणि नेरुळच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा नाकातून नळी घातलेली होती. गोळी कुटून, नळीतून जे दूध द्यायचं त्यातच घालून देत होते. वहिनी सिस्टरना सांगत होत्या, "दुधातनं नको, पान्यातनं द्या. दूध मागनं." सिस्टर तरुण होती, कामात बुडालेली. ती म्हणाली, "आजी, सगळ्यांना असंच देतो." वहिनी हटल्या नाहीत. "सगल्यांना द्या. यांना पान्यातनं." मग मी मध्ये पडले, ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोलले, त्यांनी केसपेपरवर तसं लिहिलं, आणि सिस्टरने त्यानंतर एकदाही चूक केली नाही, हे सांगायला हवं. संध्याकाळी सरांचा हात सुटला होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाच्या पट्ट्यावर, आणि भुवया उंचावल्या. मला वाटलं वेळ विचारताहेत. मी म्हटलं, "सव्वासहा." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग दाराकडे बोट केलं. मला उशीर होतोय, मी निघावं, असं ते सांगत होते. मी निघाले. ती शेवटची भेट. औषध लागत होतं, पण छाती साथ देत नव्हती. चार दिवसांनी ते गेले.

गेल्या रविवारी मी मोऱ्याला गेले होते. वहिनी तयार होऊनच बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. "चल, काशीकडं जाऊन येऊ," म्हणाल्या. काशीबाई त्यांच्याबरोबर बाजारात बसायच्या. त्यांनाही हाच आजार निघालाय, पाचसहा महिने झाले, आणि गोळी म्हणे लागतच नाही. चार घरं सोडून त्यांचं घर. आम्ही गेलो तेव्हा त्या जेवायला बसत होत्या. ताटात भात, वरण, तळलेल्या बांगड्याचे दोन तुकडे, आणि ताटाच्या कडेला गोळी. जेवताना घेतली म्हणजे विसरायला होत नाही, असं सुनेने सांगितलं. वहिनींनी ताट उचलून बाजूला ठेवलं. "भूक लागली गो," काशीबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. "लागूदे," वहिनी म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "डॉक्टरचा कागद आन." कागद आला. मी वाचून दाखवला. त्यावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं, जेवणाआधी, रिकाम्या पोटी. कुणी वाचलंच नव्हतं.

वहिनींनी पाणी आणायला सांगितलं. अर्धा पेला आला, तो त्यांनी परत पाठवला. "पूर्न भर. अर्ध्या पान्यात ती तितंच बसते." काशीबाईंनी गोळी घेतली, पाणी सगळं प्यायल्या. वहिनींनी त्यांना उजव्या कुशीवर निजवलं, पाठीशी उशी लावली आणि स्वतः भिंतीवरच्या घड्याळासमोर बसल्या. मग दोघींच्या गप्पा सुरू झाल्या, बाजारातल्या, कोण कुठे बसायची, कुणाचा ओटा कुणी बळकावला. मी ऐकत होते. सून दोनदा येऊन ताटाकडे बघून गेली. मासळी गार झाली होती. "ती झाकून ठेव, रातची दे," वहिनींनी तिला सांगितलं. "डालपन जराशी. आता भात नि भाजी वाढ."

पाऊण तास होत आला तेव्हा काशीबाई बोलता बोलता उठून बसल्या. कुणाचा हात न घेता. त्यांनी ताट पुढे ओढलं, भात कालवला, घास केला आणि तोंडापर्यंत नेला. खाली एक शीत सांडलं नाही. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. काशीबाईंनी ताट रिकामं केलं आणि सुनेकडे सरकवलं. "अजून वाढ," त्या म्हणाल्या.